लसीनंतर बाराव्या दिवशी आईच्या पायांतले बळ गेले: कारण कसे ठरवायचे?

उत्तरा (धागाकर्ती)

नमस्कार. हा प्रश्न मी सात महिने मनात घेऊन फिरते आहे. घरात त्यावर शांतपणे बोलणे अशक्य झाले आहे, म्हणून तो इथे मांडते.

माझी आई ६१ वर्षांची आहे. तिने इन्फ्लुएन्झाची लस घेतली आणि त्यानंतर बाराव्या दिवशी सकाळी पायांना मुंग्या येत असल्याचे तिने सांगितले. दुसऱ्या दिवशी ती खोलीतून बाहेर आली तेव्हा तिच्या एका पायातली सपाता दारातच गळून पडली होती आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. आम्ही ज्या डॉक्टरांकडे प्रथम गेलो त्यांनी अशक्तपणा म्हणून जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या. मी लसीचा उल्लेख केला, तेव्हा त्यांनी माझे वाक्य पुरे होऊ दिले नाही. चौथ्या दिवशी तिला हात टेकूनही खुर्चीतून उठता येईना. मग दुसऱ्या रुग्णालयातील मेंदूविकारतज्ज्ञांनी तिच्या गुडघ्याखाली रबरी हातोडी मारून पाहिली. पाय जरासुद्धा उडाला नाही, आणि त्याच संध्याकाळी तिला अतिदक्षता विभागात हलवले गेले. पाठीतले पाणी आणि चेतातंतूंचा वेग तपासल्यानंतर गुलेन-बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, असे निदान झाले. पाच दिवस शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (निरोगी लोकांच्या रक्तातून मिळवलेले प्रतिपिंड) दिले. आज ती काठी घेऊन चालते, मात्र तळव्यांखाली कायम कापूस पसरला आहे असे तिला वाटते.

आता नातेवाइकांचे दोन तट पडले आहेत. एका बाजूला "लसीनेच घात केला, यापुढे घरात कोणी सुई टोचून घ्यायची नाही" असे म्हणणारे आहेत, तर दुसऱ्या बाजूला "हा योगायोग आहे, उगाच बभ्रा करू नका" असे सांगणारे. मला दोघांचेही पटत नाही. एका माणसाच्या बाबतीत कारण खरोखर ठरवता येते का, आणि येत असेल तर कशाच्या आधारे? आईने पुढे लसी घ्याव्यात का? झाल्या प्रकाराची नोंद कुठेतरी करणे हे माझे कर्तव्य आहे का?

मज्जारज्जू (मेंदूविकार विभागात २२ वर्षे)

उत्तराताई, आपण निरीक्षण फार नेमके लिहिले आहे. पायातली सपाता गळणे आणि ते न कळणे यात संवेदना आणि स्नायूंचे बळ ही दोन्ही एकाच वेळी कमी होत असल्याची खूण आहे. त्या दिवशी कोणी हातोडीने गुडघा तपासला असता, तर दोन-तीन दिवस वाचले असते. आपले बोलणे अर्ध्यावर तोडले गेले याचे मला मनापासून वाईट वाटते.

जीबीएसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच चेतातंतूंवर, बहुतेकदा त्यांच्या मायलिन नावाच्या आवरणावर, हल्ला करते. मुंग्या आणि अशक्तपणा पायांकडून वर चढतो, प्रतिक्षेप (हातोडी मारल्यावर पाय आपोआप उडणे) जातात, आणि ही उतरण बहुतेक रुग्णांत दोन आठवड्यांत, फार तर चार आठवड्यांत थांबते. सुमारे पाचांपैकी एका रुग्णाला कृत्रिम श्वासाची गरज लागते. म्हणूनच आम्ही रुग्णाला एका श्वासात आकडे मोजायला लावतो. सकाळी वीसपर्यंत मोजणारा माणूस संध्याकाळी बारावर थांबला, तर यंत्र काय म्हणते याची वाट न पाहता आम्ही सावध होतो.

हा आजार लसींच्या फार आधीपासून ओळखीचा आहे. लांद्री यांनी १८५९ मध्ये आणि गुलेन, बॅरे व स्ट्रोल यांनी १९१६ मध्ये त्याचे वर्णन केले. दर लाख लोकांमागे वर्षाला साधारण एक ते दोन जणांना तो होतो, आणि वय वाढते तसे हे प्रमाणही वाढते. दोन तृतीयांशांच्या आसपास रुग्णांना आधीच्या काही आठवड्यांत श्वसनाचा किंवा आतड्याचा संसर्ग होऊन गेलेला असतो. त्यातला सर्वांत परिचित जंतू म्हणजे कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी. त्याच्या बाह्यावरणातील काही रेणू आपल्या चेतातंतूंवरील गँग्लिओसाइड रेणूंसारखे दिसतात, आणि जंतूविरुद्ध तयार झालेले प्रतिपिंड त्या साम्यामुळे चेतातंतूंनाच शत्रू समजतात.

लसीशी संबंध आहे का? काही लसींच्या बाबतीत आहे, आणि तो लपवण्यात कोणाचेच हित नाही. अमेरिकेत १९७६ मध्ये स्वाइन फ्लूच्या लसीची मोहीम सुमारे साडेचार कोटी लोकांना टोचल्यावर डिसेंबरमध्ये थांबवावी लागली, कारण दर लाख लसवंतांमागे जीबीएसचा साधारण एक जादा रुग्ण दिसत होता. नंतरच्या इन्फ्लुएन्झा लसींत ही वाढ काही वर्षी दिसली नाही, आणि दिसली तेव्हा दर दहा लाख मात्रांमागे एक ते दोन रुग्णांएवढी होती. कोविडच्या ॲडिनोव्हायरसवर (वाहक म्हणून वापरलेल्या दुसऱ्या एका विषाणूवर) आधारलेल्या लसींबाबतही, उदाहरणार्थ ॲस्ट्राझेनेकाच्या, अशी वाढ आढळली. आठ देशांतील ९ कोटी ९० लाख लसवंतांच्या नोंदींचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ॲस्ट्राझेनेकाच्या लसीच्या पहिल्या मात्रेनंतर ४२ दिवसांत जीबीएसचे ७६ रुग्ण अपेक्षित असताना १९० आढळले. कोविडच्याच दुसऱ्या प्रकारच्या, एमआरएनए लसींबाबत अशी वाढ त्या अभ्यासात दिसली नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. समजा एक कोटी प्रौढांनी इन्फ्लुएन्झाची लस घेतली. लस नसतीच, तरी या एक कोटींपैकी पुढच्या सहा आठवड्यांत जीबीएस होणाऱ्यांची संख्या नेहमीच्या प्रमाणाने सतराच्या आसपास निघते. लसीमुळे दहा लाखांमागे एक-दोन जादा धरले, तर आणखी दहा ते वीस जण. म्हणजे तिसेक माणसे रुग्णालयात दाखल होतील, सर्वांनी लस घेतलेली असेल, सर्वांच्या तारखा जुळतील, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या आजाराशी लसीचा काहीही संबंध नसेल. पण कोणते निम्मे, हे सांगणारी रक्ताची, पाण्याची किंवा चेतातंतूंची कोणतीही चाचणी आज आमच्या हाती नाही. आपल्या नातेवाइकांपैकी दोन्ही तट ज्या खात्रीने बोलतात, ती खात्री मला २२ वर्षांत कधी मिळाली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यकारण पडताळणीच्या पद्धतीत म्हणूनच दुसरे कारण सापडते का, हा प्रश्न आधी येतो, लस आणि आजाराचा ज्ञात संबंध आहे का आणि काळ जुळतो का हे प्रश्न त्यानंतर. बारावा दिवस हा सहा आठवड्यांच्या मर्यादेत अगदी चपखल बसतो. म्हणून आपल्याला विचारतो: मुंग्या सुरू होण्याच्या आधीच्या महिन्याभरात आईंना ताप, खोकला किंवा जुलाब झाले होते का? घाईने उत्तर देऊ नका, त्यांनाच निवांत विचारा.

ध्रुवबाळाचा बाबा

आमची गोष्ट वेगळ्या आजाराची आहे, पण ताईंच्या घरातले दोन तट वाचून राहवले नाही.

आमचा मुलगा सहा महिन्यांचा असताना त्रिगुणी लस घेतलेल्या संध्याकाळी त्याला ताप चढला आणि पहिली आकडी आली. ती वीस मिनिटे थांबली नाही. त्याची मूठ माझ्या बोटाभोवती आवळलेली होती आणि डोळे एकाच बाजूला खेचलेले होते. ते दृश्य आजही माझ्या समोरून हलत नाही. पुढे आकड्या वाढत गेल्या, बोलणे मागे पडले. आठ वर्षे मी हेच धरून बसलो होतो की त्या दिवशी मीच त्याला कडेवर घेऊन लस द्यायला गेलो, म्हणजे मीच हे केले.

तो नऊ वर्षांचा झाल्यावर जनुकीय चाचणी झाली आणि एससीएन१ए या जनुकात बिघाड सापडला. त्या बिघाडातून होणाऱ्या आजाराला ड्रॅव्हे सिंड्रोम म्हणतात. तेव्हा डॉक्टरांनी २००६ मधील एका अभ्यासाबद्दल सांगितले: लसीमुळे मेंदूला इजा झाली असे ज्यांच्याबाबत समजले जात होते, अशा १४ रुग्णांची तपासणी केली तेव्हा त्यांतल्या ११ जणांत याच जनुकाचा बिघाड निघाला. लसीच्या तापाने पहिली आकडी काही आठवडे अलीकडे आणली असेल, पण आजार त्याच्या जन्माआधीच ठरलेला होता. पुढच्या अभ्यासांत असेही दिसले की ज्या मुलांची आकडी लसीनंतर सुरू झाली आणि ज्यांची तशी झाली नाही, त्यांची पुढची वाटचाल सारखीच होती.

आईंच्या बाबतीत उत्तर असे स्वच्छ मिळेलच असे मी म्हणत नाही. पण तपास पुढे नेला नसता, तर मी आणि माझी पत्नी अजूनही एकमेकांच्या डोळ्यांत पाहू शकलो नसतो.

अनामिका_३

मला मज्जारज्जू यांना थेट विचारायचे आहे. आकड्यांचे गणित समजले, पण ज्यांना जीबीएससारखे नावच मिळत नाही त्यांनी काय करावे? एका लसीनंतर तिसऱ्या आठवड्यात माझ्या पायांत आगीसारखी जळजळ सुरू झाली, आणि रात्री शरीराच्या आतून कोणीतरी फोन कंपनावर ठेवावा तसा थरकाप जाणवू लागला. एमआरआय, चेतातंतूंचा वेग, रक्त, सगळे सामान्य आले. तीन तज्ज्ञांनी "काही नाही, मनाचे आहे" असे सांगून पाठवले. माझी नोकरी गेली आहे. जे यंत्रात दिसत नाही ते नसतेच का?

मज्जारज्जू

अनामिकाताई, आपला त्रास खरा आहे, आणि यापुढचे सगळे त्याच पायावर लिहितो.

चेतातंतूंचा वेग मोजणारी नेहमीची चाचणी जाड तंतूंचीच असते. वेदना, तापमान आणि घाम सांभाळणारे बारीक तंतू तिच्या कक्षेत येत नाहीत, त्यामुळे बारीक तंतूंच्या विकारात ती चाचणी सामान्य येणे अपेक्षितच आहे. त्यासाठी त्वचेचा लहानसा तुकडा काढून त्यातील तंतूंची घनता मोजतात. आपली ही तपासणी झाली नसेल, तर ती मागून घ्या. सोबत साखर, बी-१२ आणि थायरॉइडही पाहिले जावे. अशा तक्रारी लसींनंतर नोंदल्या गेल्या आहेत. मात्र जीबीएसच्या बाबतीत जशी अपेक्षेपेक्षा स्पष्ट वाढ मोठ्या नोंदींतून दिसली, तेवढा पक्का पुरावा या तक्रारींबाबत उभा राहिलेला नाही.

दुसरी शक्यता कार्यात्मक चेताविकाराची असते, आणि या शब्दामुळे रुग्ण दुखावतात हे मला ठाऊक आहे. यात मेंदूची रचना शाबूत असते पण संदेशांची वाट बिघडलेली असते. हे सोंग नसते. त्याचे निदान "काहीच सापडले नाही" यावरून करायचे नसते, तर खुणांवरून करायचे असते: एक पाय रुग्णाला मुद्दाम खाली दाबता येत नाही, पण दुसरा पाय उचलताना तोच पाय आपोआप जोराने दाबला जातो, ही हूव्हर यांची खूण त्यांपैकी एक. योग्य व्यायामोपचाराने यातले बरेच रुग्ण सुधारतात. "मनाचे आहे" एवढे म्हणून ज्यांनी आपल्याला पाठवले, त्यांनी निदानही केले नाही आणि उपचारही.

जपानमध्ये एचपीव्ही लसीनंतर (गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी लस) मुलींना अंगदुखी, थरकाप आणि चालण्यातील अडचणी होत असल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा जून २०१३ मध्ये सरकारने लसीची सक्रिय शिफारस थांबवली. पुढे नागोया शहरात सुमारे ३०,००० तरुण मुलींकडून २४ लक्षणांची माहिती घेण्यात आली आणि लस घेतलेल्यांत ती लक्षणे अधिक आढळली नाहीत. शिफारस एप्रिल २०२२ मध्ये परत सुरू झाली. मधल्या नऊ वर्षांत लाखो मुली संरक्षणाविना राहिल्या. यातून मी हेही शिकलो की त्या मुलींना सुरुवातीलाच कोणी समोर बसवून, नीट तपासून, उपचारांची वाट दाखवली असती, तर गोष्ट इतकी चिघळली नसती.

नोंदवही (औषध-सुरक्षेच्या कामात)

वरचे प्रतिसाद वाचून मला उलट्या बाजूने एक गोष्ट सांगाविशी वाटते: लसींचे जे दुर्मीळ धोके आज पुस्तकात आहेत, ते कोणीतरी एकेका रुग्णाची नोंद केली म्हणूनच तिथे आले.

ऑगस्ट २०१० मध्ये स्वीडन आणि फिनलंडमधील डॉक्टरांच्या लक्षात आले की पँडेमरिक्स ही स्वाइन फ्लूची लस घेतलेली काही शाळकरी मुले वर्गात बसल्या बसल्या गाढ झोपी जात आहेत आणि हसताना त्यांचे गुडघे लटपटतात. हा नार्कोलेप्सीचा, म्हणजे झोपेवरचा ताबा सुटण्याचा, विकार होता, आणि संबंध पुढे खरा ठरला. मार्च २०२१ मध्ये ॲस्ट्राझेनेकाच्या लसीनंतर पाच ते तीस दिवसांत काही तरुणांचे डोके असह्य दुखू लागले, मेंदूच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या आढळल्या, आणि गुठळ्या असूनही रक्तातील प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या कणिका, घसरलेल्या होत्या. हा विरोधाभास पाहून जर्मनी, ऑस्ट्रिया आणि नॉर्वेतील वैद्यांनी काही आठवड्यांत प्लेटलेट फॅक्टर चार या प्लेटलेटमधील प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड शोधून काढले. त्यामुळे गुठळ्यांवर नेहमी दिले जाणारे हेपॅरिन हे औषध टाळून इम्युनोग्लोब्युलिन द्यावे हे जगभर कळले आणि प्राण वाचले. "योगायोग आहे, बभ्रा नको" म्हणून ते गप्प बसले असते तर?

आपल्याकडच्या जुन्या पिढीला कुत्रा चावल्यावर पोटात घ्यावी लागणारी चौदा इंजेक्शने आठवत असतील. सेंपल यांनी १९११ मध्ये कसौलीत विकसित केलेली ती रेबीजची लस मेंढीच्या मेंदूच्या ऊतीपासून बनत असे. तिच्यातल्या मायलिनमुळे काहींना मेंदूचा आणि मज्जारज्जूचा दाह होऊन पक्षाघात होई. ती हानी नोंदली गेली, समजून घेतली गेली, आणि पेशीसंवर्धनावर बनलेल्या लसी आल्यावर भारतात २००४-०५ च्या सुमारास जुनी लस बंद झाली. लसीकरण थांबले नाही, लस बदलली.

तेव्हा उत्तराताई, नोंद जरूर करा. लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटनांची नोंद करताना आपल्याला कारण सिद्ध करावे लागत नाही. ते काम नोंदी तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीचे. आपण लसीचे नाव, मात्रेचा दिनांक, कार्डावरचा बॅच क्रमांक, पहिले लक्षण कोणत्या दिवशी दिसले ते, आधीचे आजार आणि रुग्णालयाच्या कागदांच्या प्रती एवढे द्या. बॅच क्रमांक सर्वांत जास्त वेळा राहून जातो.

मज्जारज्जू

पुढच्या लसींविषयीचा प्रश्न माझ्याकडून राहिला होता. इन्फ्लुएन्झाच्या लसीनंतर सहा आठवड्यांच्या आत जीबीएस झाला असेल, तर तीच लस परत देताना काळजीपूर्वक विचार करावा असे मार्गदर्शन आहे. हा संपूर्ण निषेध नाही. ज्यांना इन्फ्लुएन्झापासून गंभीर धोका आहे त्यांच्या बाबतीत पारडे लसीकडेही झुकू शकते, कारण खुद्द इन्फ्लुएन्झाही जीबीएस घडवतो. कॅनडातील ओंटारियो प्रांतातील २०१३ च्या अभ्यासात लसीमुळे होणारा जादा धोका दर दहा लाखांमागे सुमारे एक होता, तर इन्फ्लुएन्झासाठी डॉक्टरांकडे गेलेल्यांत तो सुमारे सतरा होता. घरातील इतरांनी मात्र या कारणासाठी कोणतीही लस टाळण्याची गरज नाही. आईंना वयानुसार ज्या इतर लसी सुचवल्या जातील त्या सरसकट बंद नाहीत, पण प्रत्येक वेळी हा इतिहास आधी सांगा. साठीनंतर दिल्या जाणाऱ्या आरएसव्हीच्या (श्वसनमार्गाचा एक विषाणू) दोन लसींवर अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसचा इशारा जोडण्यात आला आहे, तेव्हा त्या लसीबाबत तज्ज्ञांशी वेगळे बोला.

तळव्यांखालच्या कापसाबद्दल: जीबीएसनंतरची सुधारणा दोन वर्षांपर्यंत, कधी त्याहून पुढेही चालू राहते. सात महिने हा शेवट नव्हे. अंधारात चालताना तोल जाऊ शकतो, रात्री दिवा लावून ठेवा.

उत्तरा (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. अनामिका, तुमची त्वचेची तपासणी झाली की कृपया इथे कळवा, मी वाट पाहीन.

डॉक्टर, मी काल रात्री आईजवळ बसून आपला प्रश्न विचारला. बराच वेळ ती आठवत राहिली आणि मग म्हणाली की लस घेण्याच्या आठवडाभर आधी तिला तीन दिवस जुलाब झाले होते, ताप होता आणि पोटात कळा येत होत्या. आम्हाला तिने सांगितलेच नव्हते, कारण त्या आठवड्यात माझी परीक्षा होती. म्हणजे जुलाबांपासून मुंग्यांपर्यंत अठरा-एकोणीस दिवस आणि लसीपासून बारा. दोन्ही तारखा बसतात. त्या वेळी शौचाची तपासणी झालेली नाही, त्यामुळे तो कॅम्पिलोबॅक्टर होता की नाही हे आता कधीच कळणार नाही.

मला वाटले होते की हे ऐकून मन हलके होईल. तसे झाले नाही, पण भांडण थांबले. मामा आज पहिल्यांदाच कोणावर आरोप न करता आईला "आज किती पावले चाललीस?" असे विचारून गेले.

लसीचे कार्ड आईच्या जुन्या चष्म्याच्या पेटीत सापडले. बॅच क्रमांकातला शेवटचा आकडा पुसट झाला होता, तो भिंगाखाली धरून वाचला. अर्ज भरताना "आधीचे आजार" या रकान्यापाशी मी थांबले, कारण जुलाबांचे लिहिले तर लसीवरची तक्रार दुबळी पडेल असे क्षणभर वाटून गेले. आईने माझ्या हातातला कागद ओढून घेतला, आणि तिच्या अजूनही थरथरणाऱ्या अक्षरात तिने स्वतःच त्या तीन दिवसांच्या तारखा लिहिल्या.